ऑस्बर्टची मोळी

गुनिल्डाच्या डोक्यात फेब्रुवारीपासून एकच काम होतं आणि ते तिने कुणालाही, अगदी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. तिला ऑस्बर्टचं वाटोळं करायचं होतं.

बाकीची कामं काही कमी नव्हती. आठवड्यातले तीन दिवस मालकाच्या शेतावर वेठ, उरलेल्या दिवसांत स्वतःचं रान, वाटाण्याची पातळ आमटी, जवाची भाकर, उवा काढणं आणि रविवारी चर्चमध्ये उभ्या उभ्या पाद्रीबाबांचं ऐकणं. हे सगळं ती करत होती. पण पीठ मळतानासुद्धा तिच्या बोटांखाली ऑस्बर्टचा गळा असायचा.

ऑस्बर्ट शेजारीच राहायचा. उंच, मवाळ, कायम अर्धवट हसणारा माणूस. चर्चच्या मधमाश्यांची पोळी त्याच्या ताब्यात होती. मध पाद्रीबाबांचा, मेण वेदीवरच्या मेणबत्त्यांचा, आणि माश्यांचे डंख तेवढे ऑस्बर्टचे. असा माणूस कुणाच्या वाईटावर असेल असं गावात कुणालाच वाटलं नसतं. मागच्या वर्षापर्यंत गुनिल्डालाही वाटलं नव्हतं.

मागच्या वर्षी काय झालं ते सांगायचं तर आधी मोळीचं सांगायला हवं. हॉलमीर गावात मालकाचं कुरण कापायला घरटी एक माणूस लांब दांड्याचा विळा घेऊन जातो. आठ दिवस उन्हात पाठ मोडायची, मजुरी काही नाही. शेवटच्या दिवशी मात्र एक हक्क असतो. विळ्याच्या दांड्यावर एका वेळी जेवढं गवत उचलता येईल तेवढं ज्याचं त्याचं. घरातली बाई मोळी बांधते, गडी दांडा मोळीत खुपसून खांद्यावर घेतो आणि उभा राहतो. तो उभा असताना कारभारी एक प्रार्थना म्हणतो. ती संपेपर्यंत दांडा मोडला, मोळी जमिनीला टेकली किंवा उचलणाऱ्याने तोंडातून एक शब्द काढला, की सगळं गवत मालकाच्या गाडीत. हे नियम कुणी घातले ते कुणाला ठाऊक नाही, पण घालणाऱ्याने आयुष्यात कधी मोळी उचलली नसणार हे नक्की.

त्या एका मोळीवर गाय अख्खा हिवाळा काढत नाही. पण बांधावरचं खुरटं गवत, ओकचा पाला आणि ही मोळी मिळून कसाबसा मार्च गाठता येतो. मोळी गेली की गाय गेली.

गुनिल्डाचा नवरा सिवर्ड हा गावातला सगळ्यात दांडगा गडी. मागच्या वर्षी त्याने अशी मोळी उचलली की कारभारी रेनल्फचं तोंडच उतरलं. आणि प्रार्थना अर्ध्यावर असताना दांडा कडकन मोडला. गवत गाडीत गेलं. सगळ्यात मोठ्या मोळीला मिळणारा मेंढा ऑस्बर्टला मिळाला, कारण सिवर्डच्या खालोखाल त्याची मोळी होती. संध्याकाळी ऑस्बर्ट त्या मेंढ्याची एक तंगडी घेऊन दारात आला. "लेकराला रस्सा करा, वहिनी," म्हणाला. गुनिल्डाने ती तंगडी घेतली होती, वर आशीर्वादही दिला होता. नंतर ते आठवलं की ती हात राखेने घासायची.

नोव्हेंबरात सेंट मार्टिनच्या सणाला गाय कापावी लागली. मांस खारवलं, ते नाताळापर्यंत पुरलं. जानेवारीत एडिवाला खोकला लागला. गुनिल्डाची ही एकुलती लेक चार वर्षांची होती. ती फार काही मागत नसे. त्या दिवसांत फक्त दूध मागायची, आणि गुनिल्डा तिला कोमट पाणी द्यायची आणि डोळे मिटून पी म्हणायची. फेब्रुवारीच्या सुरुवातीला, कँडलमासच्या सणाच्या आदल्या दिवशी तिने तेही मागायचं थांबवलं.

तिला पुरून आल्यावर घरात जळण नव्हतं. मालकाच्या रानातली वाळली काटकी उचलली तरी दंड, म्हणून गुनिल्डाने कोपऱ्यात पडलेला तो मोडका दांडा चुलीत सारला. मोडलेल्या टोकातून काहीतरी टपटपलं आणि घरभर मधाचा वास सुटला. तिने दांडा ओढून बाहेर काढला. मोडलेली जागा अर्धी फाटलेली होती, लाकूड फाटतं तशी. उरलेली अर्धी सरळ होती, हत्याराने कापल्यासारखी. आणि त्या कापात मेण भरून वरून काजळी चोळलेली होती.

ती चुलीपुढे कितीतरी वेळ बसून राहिली. गावात मेण कुणाकडे असतं? मेंढा कुणाला मिळाला? तंगडी घेऊन कोण आलं होतं? तिला तिसऱ्या प्रश्नापर्यंत जायचीही गरज पडली नाही.

सिवर्डला सांगायची सोय नव्हती. त्याचा राग म्हणजे पेटता गवताचा भारा. त्याने एकदा गिरणीवाल्याचा जबडा मोडला होता तो नुसत्या शिवीवरून. हे कळलं असतं तर त्याने ऑस्बर्टला त्याच दिवशी उभा चिरला असता, आणि मालकाने सिवर्डला गढीसमोर टांगला असता. लेक गेली होती, आता नवरा घालवायची तिची तयारी नव्हती. तिने दांडा परत चुलीत टाकला, तो पूर्ण जळू दिला आणि सिवर्डला वास आला तेव्हा म्हणाली, "शेजारच्या माश्यांचा असेल." फेब्रुवारीत माश्या. सिवर्डने तेही ऐकून घेतलं. तो त्या दिवसांत सगळंच ऐकून घेत होता.

मग जून संपला, सेंट जॉनच्या सणाला पेटवलेल्या जाळांची राख झाली आणि पुन्हा कुरणाचे आठ दिवस सुरू झाले. सिवर्डकडे या वर्षी नवा दांडा होता. दोन महिने गढीची गटारं उपसून त्याने तो तिथल्या सुताराकडून मिळवला होता. इस्टरला गुनिल्डाच्या भावाने एक मरतुकडी कालवड दिली होती, तिच्यासाठी या वर्षी मोळी हवीच होती. ऑस्बर्टच्या घरी गाय होती आणि नऊ दिवसांपूर्वी त्याची बायको हेलविस बाळंत झाली होती. पहिली दोन गेली, हे तिसरं. तिला दूध पुरत नव्हतं, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. आणि बाळंतिणीने चाळीस दिवस उंबरठा ओलांडायचा नाही, पाद्रीबाबांनी चर्चच्या दारात आशीर्वाद दिला की मगच बाहेर पडायचं, हेही सगळ्या गावाला ठाऊक होतं. म्हणजे ऑस्बर्टची मोळी बांधायला घरची बाई नव्हती.

हे गुनिल्डाच्या लक्षात आलं त्या दिवशी तिने बऱ्याच महिन्यांनी पोटभर भाकर खाल्ली.

शेवटच्या दिवशी दुपारी कुरणावर सगळं गाव जमलं. जवाची बिअर फिरत होती. कारभारी रेनल्फ तिवईवर बसून टाचा हलवत होता. आधी सिवर्डने उचललं. मोळी मोठी होती, पण त्याने यंदा हाव केली नाही, आणि प्रार्थना संपली तेव्हा मोळी खांद्यावर तशीच होती. गुनिल्डाने त्याला पाणी दिलं आणि सरळ ऑस्बर्टकडे गेली.

"तुझी मोळी कोण बांधणार रे?"

"बघतो, वहिनी. टिबाकाकूंना विचारणार होतो."

"टिबाची गाठ तिच्या जिभेसारखी सैल. मी बांधते."

ऑस्बर्टच्या डोळ्यांत पाणी आलं. "फार उपकार होतील. मला वाटलं होतं, तुम्ही आमच्यावर नाराज आहात. पाच महिन्यांत बोलला नाहीत कधी."

"नाराज कशाला? घेतलेलं परत करायचं असतं माणसाने," गुनिल्डा म्हणाली. लांबून सिवर्ड बघत होता. त्याने तिच्याकडे बघून मान डोलावली, समाधानाने.

तिने गवत कुठलं घ्यायचं ते सकाळीच ठरवून ठेवलं होतं. ओढ्याच्या काठाला, जिथे पाणी कुरणात शिरतं तिथलं गवत कापून पडलं होतं, पण निथळलं नव्हतं. ते जाड, रसाळ आणि शिशासारखं जड होतं. गुनिल्डाने त्याच्या पेंढ्या मोळीच्या पोटात रचल्या आणि भोवती वाळलेलं हलकं गवत लावलं. वरून मोळी दिसायला बेताचीच दिसत होती.

"बस का एवढीच?" टिबा ओरडली. टिबा ही गावातली जाडजूड विधवा, तिचं तोंड कधी मिटत नसे. "अगं गुनिल्डा, ही मोळी आहे की पाद्रीबाबांची उशी?"

"मी काय करू? गडीच बेताचा आहे," गुनिल्डा म्हणाली.

लोक हसले. ऑस्बर्टही हसला. "घाला अजून, वहिनी."

"नको रे बाबा. तुझी बायको मला बोल लावेल."

"घाला हो. दूध कमी पडतंय घरात."

"ऐकलंत का? दूध कमी पडतंय म्हणे," गुनिल्डा मोठ्याने म्हणाली. तिचा आवाज जरा चिरकला, पण हशात कुणाला कळलं नाही. "मागच्या वर्षी मेंढा घेऊन गेलास ना? मग मेंढ्याच्या मालकासारखा उचल. की तो मेंढा नुसताच मिळाला होता?"

"अरे, बाईने पाणी जोखलं तुझं!" मागून कुणीतरी ओरडलं. आता ऑस्बर्टला मागे फिरायची सोय नव्हती. गुनिल्डाने आणखी चार पेंढ्या घातल्या, टिबाने हौसेने दोन घातल्या, आणि दोर आवळला.

ऑस्बर्टने दांडा खुपसला, गुडघे वाकवले आणि जोर लावला. मोळी हलली नाही. त्याच्या तोंडावर आश्चर्य उमटलं. दिसते त्याच्या दुप्पट वजन होतं ते. त्याने पुन्हा जोर लावला, मानेच्या शिरा तट्ट फुगल्या, आणि कसाबसा तो उभा राहिला. लोकांनी आरोळी ठोकली. रेनल्फ तिवईवरून उठला, अंगरखा झटकला आणि प्रार्थना सुरू केली.

ती लॅटिनमध्ये असते. अर्थ कुणाला कळत नाही, पण ती किती लांब आहे ते गावातल्या प्रत्येक पाठीला ठाऊक आहे. आणि रेनल्फ ती मोठ्या मोळीला नेहमी सावकाश म्हणतो.

मोळी फिरू नये म्हणून बांधणाऱ्या बाईने मागे उभं राहून दोराला बोट लावायचं असतं. गुनिल्डा मागे उभी राहिली. तिचं तोंड ऑस्बर्टच्या कानाशी होतं. या जागेसाठी ती पाच महिने जगली होती.

"ऑस्बर्ट," ती हळूच म्हणाली, "सिवर्डच्या दांड्यात मेण होतं."

त्याच्या मानेला झटका बसला.

"मला सगळं कळलंय. कापून वर मेण भरलेलं. काजळी चोळलेली. गावात मेण कुणाकडे असतं रे? बोल ना."

ऑस्बर्टने डोळे तिच्याकडे वळवले, मग लांब उभ्या असलेल्या सिवर्डकडे, मग परत तिच्याकडे. त्याने मान हलवली. नाही, नाही, अशी.

"नाही कसं? एका मेंढ्यासाठी माझी पोर खाल्लीस तू. ती दूध मागायची. मी तिला पाणी द्यायची. तुझ्या घरात आता तिसरं आहे ना? त्यालाही पाणी पाजा. डोळे मिटून पी म्हणावं. पितात ती, मला माहीत आहे."

ऑस्बर्टचे ओठ उघडले. आतून काहीतरी बाहेर येऊ पाहत होतं. एक शब्द, आणि गवत गेलं असतं. त्याने ओठ परत घट्ट मिटले. घामाने त्याचे डोळे चुरचुरत होते, तरी तो सिवर्डकडेच बघत होता, पुन्हा पुन्हा. सिवर्डची भीती वाटतेय याला, गुनिल्डाच्या मनात आलं, आणि तिला गोड वाटलं.

"तोंड उघड की," ती कुजबुजली. "सांग सगळ्यांना. नाहीतर उभा राहा असाच."

रेनल्फ मध्येच थांबला, खाकरला, थुंकला आणि पुढे म्हणू लागला. ऑस्बर्टचे गुडघे थरथरायला लागले. आतल्या गवतातलं पाणी दोरातून झिरपून त्याच्या पाठीवर ओघळत होतं. आणि मग कडकन आवाज आला.

सगळ्यांना वाटलं दांडा मोडला. दांडा शाबूत होता. ऑस्बर्ट पाठीच्या मध्यावर दुमडला आणि मोळी त्याच्या अंगावर आली. तो ओरडला, पण शब्द नव्हता त्यात.

"टेकली," रेनल्फ म्हणाला. "गाडीत टाका." गवत गाडीत पडलं, त्यानंतर चौघांनी ऑस्बर्टला कुडाच्या झापावर घेतला. त्याचे पाय लोंबत होते आणि तो ते हलवत नव्हता. गाडीवाला मोळी सोडताना म्हणाला, "च्यायला, आत नुसतं पाणी आहे." टिबा गवताकडे बघत राहिली, मग गुनिल्डाकडे, आणि तिच्या जन्मात पहिल्यांदा तिने तोंड मिटलं.

गुनिल्डाला बरं वाटलं. खोटं कशाला सांगायचं, फार बरं वाटलं तिला. छातीवरचा दगड कुणीतरी उचलल्यासारखा तिचा श्वास मोकळा चालला होता. रेनल्फ जाता जाता तिला म्हणाला, "मागच्या साली तुझा नवरा, यंदा हा. अशाच मोळ्या बांधत जा, बाई. मालकांच्या घोड्यांना कमी पडणार नाही." त्यावरही ती हसली.

घरी निघाल्यावर सिवर्ड मोळी खांद्यावर घेऊन पुढे चालत होता. ओढा ओलांडल्यावर त्याने खांदा बदलला. मग म्हणाला, "नशीबच खोटं बिचाऱ्याचं. पण तू त्याची मोळी बांधलीस ते बरं केलंस. मी सांगणारच होतो तुला. त्याचे उपकार आहेत आपल्यावर."

"कसले उपकार?"

"आता सांगायला हरकत नाही. मागच्या वर्षी कुरणाच्या आदल्या दिवशी माझा दांडा तडकला. नवा आणायचा कुठून? मी तडकलेला भाग सरळ तासून काढला. ऑस्बर्टने चर्चच्या मेणातून मूठभर चोरून दिलं, भरायला. पाद्रीबाबांना कळलं असतं तर त्याची चामडी लोळवली असती. वरून काजळी चोळली, रेनल्फला दिसू नये म्हणून. ऑस्बर्ट म्हणत होता, लहान मोळी उचल, दांडा टिकणार नाही. मीच ऐकलं नाही. मेंढा हवा होता मला."

गुनिल्डा वाटेत थांबली.

"मला का नाही सांगितलंस?"

"कोणत्या तोंडाने सांगू?" सिवर्ड मागे न वळता म्हणाला. "एडिवा गेल्यावर तर मुळीच नाही. तू मला घरात राहू दिलं नसतंस." तो दोन पावलं चालला. "मला वास आला होता ना त्या दिवशी, चुलीतून? मला वाटलं तुला कळलं. मग तू माश्या म्हणालीस."

तिला आठवलं. ऑस्बर्टचे ते डोळे, सिवर्डकडे वळणारे, पुन्हा पुन्हा. तो घाबरला नव्हता. तो तिला दाखवत होता. आणि ती त्याच्या कानात बोलत राहिली होती, कारण त्याला बोलता येत नव्हतं. मग तिने समोरची ती रुंद पाठ पाहिली. पाच महिने एका घरात, एका ताटात. तिचा राग कुठेही गेला नव्हता, फक्त त्याला बसायला दुसरी जागा मिळाली होती.

"वळ," ती म्हणाली.

"कुठे?"

"ऑस्बर्टच्या दारी. ही मोळी त्यांची."

"वेडी आहेस का? आणि आपली कालवड?"

"कापू. तुला सवय आहे. वळ, नाहीतर इथे रस्त्यात उभी राहून गावाला सांगते तू काय केलंस आणि मी काय केलं." तिने त्याला सांगितलं. ओल्या पेंढ्या, कानातलं बोलणं, सगळं. सिवर्डचं तोंड पांढरं पडलं. तो वळला.

हेलविस दारातच उभी होती, उंबरठ्याच्या आत, बाळ छातीशी. आतून ऑस्बर्टच्या कण्हण्याचा आवाज येत होता. सिवर्ड मोळी खाली ठेवून मान खाली घालून उभा राहिला.

"माझी चूक झाली, हेलविस," गुनिल्डा म्हणाली. "मला वाटलं होतं..."

"माहीत आहे. सांगितलं त्यांनी." हेलविसचा आवाज शांत होता. "पाय गार पडलेत त्यांचे. टाचणी टोचली तरी कळत नाही. मोळी आत आणून ठेवा, भाऊजी, मला बाहेर येता येत नाही."

सिवर्डने मोळी आत नेऊन ठेवली. हेलविसने बाळाला एका हातावर घेतलं, दुसरा हात गवतात कोपरापर्यंत घातला आणि बाहेर काढून पाहिला. हात कोरडा होता.

"बरं आहे गवत," ती म्हणाली. मग गुनिल्डाकडे बघून हसली, आणि तोंड मात्र सिवर्डकडे वळवून विचारलं, "पुढच्या वर्षी तुमची मोळी कोण बांधणार, भाऊजी?"

"हीच. दुसरं कोण?"

"वहिनींना कशाला त्रास? तोवर मी मोकळी असेन. मी बांधीन."

सिवर्डला भरून आलं. एवढं होऊनही ही बाई असं बोलते म्हणून तो दोन्ही हातांत टोपी चुरगाळत मान हलवत राहिला. गुनिल्डा मात्र हेलविसच्या तोंडाकडे बघत होती. असा गोड आवाज कसा काढायचा हे तिला चांगलं ठाऊक होतं.